छत्रीखालचा माणूस

आमच्या ह्यांचा एकही फोटो नाही, हे मला चौथ्या खिडकीवर उभं राहिल्यावर कळलं. आणि मी कोण, तर फोटोग्राफर! बावीस वर्षं लोकांच्या अंगावरच्या कपड्यांचे फोटो काढतेय. हसा, खुशाल हसा. खिडकीवरचे साहेब मात्र हसले नाहीत.

झालं होतं असं, की आमची इमारत रस्त्यासाठी पाडणार होते. बदल्यात नव्या वसाहतीत जागा. जोडप्याला दोन खोल्या आणि एक गॅलरी. एकट्या बायकांची इमारत नदीच्या अलीकडे, एकट्या पुरुषांची नदीच्या पलीकडे, टेकडीवर. ज्यांचं जोडपं सिद्ध होणार नाही ते आपोआप एकटे. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आम्ही गेलो सोमवारी.

"हे लग्नाचं सर्टिफिकेट," मी म्हटलं.

साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "यावरून लग्न झालं एवढं कळतं. टिकलं का ते कळत नाही. दोघांचा एकत्र फोटो आणा. दहा वर्षांपूर्वीचा तरी हवा."

"अहो, आम्ही दोघं तुमच्यासमोर उभे आहोत की!"

"आज आहात," साहेब म्हणाले. "घरासाठी लोक आदल्या आठवड्यात जोडपी होतात. बरं, अर्जावर चिकटवायला तुमचे आजचे फोटो काढून घेतो. साहेबीण, आधी तुम्ही."

मला 'साहेबीण' म्हणालेलं मी गिळलं. माझा फोटो निघाला. मग ह्यांना पुढे बोलावलं. साहेबांनी खिडकीवरचा छोटा कॅमेरा उचलला आणि हे अलगद दीड पाऊल डावीकडे सरकले. साहेबांनी कॅमेरा वळवला, हे आणखी दीड पाऊल. तिसऱ्यांदा तर साहेबांनी खुर्ची सोडून ह्यांना कोपऱ्यात गाठलं, तरी फोटोत भिंत, पंख्याचं बटण आणि कानाची पाळी एवढंच आलं. साहेबांनी अर्जावर लिहिलं, 'अर्जदार दिसत नाहीत.'

आता यात ह्यांचा दोष नाही. दोष असलाच तर माझा, आणि मी तो तेव्हा मान्य करणार नव्हते.

तुम्हाला सांगते. बाहेर, भर उन्हात फॅशनचे फोटो काढायचे, तर ऊन मॉडेलच्या पाठीमागे घ्यावं लागतं. समोर घेतलं की ती डोळे बारीक करते आणि लिंबू चावल्यासारखी दिसते. पण ऊन मागे गेलं की चेहरा काळवंडतो. म्हणून पुढून फ्लॅश मारायचा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा नाही, त्याने नाक-डोळे सगळं सपाट होतं. वेगळा फ्लॅश, काठीवर बांधलेला, कॅमेऱ्यापासून चार हात बाजूला, आणि त्याच्यापुढे पांढरी छत्री, म्हणजे उजेड गाळून मऊ येतो. काठी स्टँडवर लावली तर वारा छत्री घेऊन जातो. पहिल्या वर्षी एक तळ्यात गेली आणि दुसरी एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन चार पायऱ्या उतरली. तेव्हापासून स्टँड म्हणजे आमचे हे. मॉडेल मुली त्यांना 'स्टँडकाका' म्हणतात, आणि हे हाकेला ओ देतात.

स्टँडचा नियम एकच. चौकटीत यायचं नाही. "अहो, सरका! दिसताय!" हे वाक्य मी दिवसातून साठ वेळा ओरडले असेन. शेवटी त्यांच्या अंगातच ते मुरलं. कुठेही कॅमेरा उचलला गेला, की हे दीड पाऊल बाजूला. आमचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. त्याचे फोटो मीच काढले, दुसऱ्या कोणावर विश्वास ठेवायचा? आणि फ्लॅश ह्यांनी धरला. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये दोन साक्षीदार आहेत, रजिस्ट्रार आहेत, रजिस्ट्रारांचा पाण्याचा तांब्या फार सुरेख आलाय. भाचीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत सगळं खानदान आहे आणि डावीकडे एका माणसाची जागा रिकामी आहे.

माझी त्यांच्याबद्दल तक्रारही एकच. छत्री माझ्याकडे ढळायची. मॉडेलवर रोखून धरलेली छत्री दहा मिनिटांत अर्धा हात कॅमेऱ्याच्या बाजूला कललेली. "अहो, छत्री! मॉडेलवर!" की लगेच सरळ. परत दहा मिनिटांनी तेच. मी म्हटलं, खांदा भरून येत असेल. गेली आठ वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या उजव्या खांद्याला तेल चोळते. छत्री काही सुधारली नाही.

सोमवारपासून मी जुन्या सगळ्या हार्ड डिस्क उघडल्या. ह्यांचा एक बूट सापडला. एक अंगठा सापडला. बारा वर्षांपूर्वीच्या, ऊन चुकून आमच्या पाठीमागे आलेल्या एका फोटोत फरसबंदीवर दोन सावल्या होत्या, एक छत्रीवाली, एक माझी, अगदी शेजारीशेजारी. बुधवारी ती घेऊन मी धावत खिडकीवर गेले.

"ही सावली कोणाचीही असू शकते," साहेब म्हणाले. "माझीसुद्धा अशीच पडते." आणि खरंच टेबलावरची फाईल डोक्यावर धरून ते खिडकीच्या उन्हात उभे राहिले. अशीच पडली! रांगेतल्या लोकांनीही मान डोलावली.

घरी आले तर हे खोकी भरत बसलेले. शांतपणे. एका खोक्यात एक कप, दुसऱ्या खोक्यात एक कप. एकात एक उशी, दुसऱ्यात एक उशी.

"हे काय चाललंय?"

"टेकडीवर सामान चढवायला वेळ लागेल," हे म्हणाले. "तुझा मोठा कप तुझ्यात घातलाय. आणि तेलाची बाटली..." त्यांनी ती दोन्ही खोक्यांवर धरून पाहिली. "ती कोणाच्यात घालू?"

मला रडू आलं, म्हणून मी ओरडले. मी म्हटलं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, माणूस आहात की काठी? ते म्हणाले, "शुक्रवारचं काम आहे ना कोटांचं? छत्रीची एक तार वाकलीय, ती सरळ करतो." आणि तार सरळ करत बसले. मी आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. उशी खोक्यात गेलेली होती, म्हणून गादीत.

शुक्रवार. भर दुपार. कोटवाल्याला लोकरीचे कोट विकायचे होते, आणि थंडीच्या आत जाहिरात हवी होती म्हणून उन्हाळ्यात फोटो. "थंडी दिसली पाहिजे," एवढंच त्याचं म्हणणं. तो स्वतः बाकावर ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसला होता. मॉडेल गुडघ्यापर्यंतच्या जाड कोटात, कॉलर वर, आणि कॉलरच्या आत बर्फाची पिशवी. कॅमेऱ्यात येणारा उजेड कमी करून मी आकाश मुद्दाम काळोखं पाडलं, फ्लॅश पूर्ण जोरात लावला. तेवढं जमतं हो मला. फोटोत असं वाटावं की आता हाडं गोठणार.

"अहो, छत्री!"

छत्री सरळ झाली. दहा मिनिटांत ढळली. माझं लक्ष घड्याळाकडे. तीन वाजले होते. पाचनंतर मी नदीच्या अलीकडे आणि हे टेकडीवर. मग माझी काठी कोण धरणार, आणि मी कोणावर ओरडणार?

कोटवाला लॅपटॉपवर फोटो बघायला आला. उन्हात पडदा दिसावा म्हणून काळं फडकं डोक्यावर घेऊन आत शिरला. हा माणूस फोटो बघत नाही, तपासतो. बटण मोठं करून बघितलं, काज मोठं करून बघितलं, कॉलर बघितली. वर सरकत सरकत मॉडेलच्या डोळ्यापर्यंत गेला आणि फडक्यातून ओरडला.

"हा माणूस कोण?"

"कुठे?"

"हिच्या डोळ्यात! छत्रीखाली माणूस उभा आहे. शेजारी एक बाई आहे, कोपर वर करून. माझ्या कोटाच्या जाहिरातीत ही दोन माणसं काय करतायत? पुसून टाका त्यांना!"

मी त्याला बाजूला ढकलून फडक्यात शिरले. मॉडेलच्या डोळ्यातली छत्री मी प्रत्येक फोटोत बघते. तो पांढरा ठिपका असला की डोळा जिवंत वाटतो, नसला तर फोटो बाद. बावीस वर्षं मी तो ठिपका आहे की नाही एवढंच बघत आले. ठिपक्याखाली कधी बघितलंच नव्हतं. तिथे हे होते. एवढुसे, मोहरीएवढे, काठी धरून. शेजारी मी.

"अहो, चला!" मी किंचाळले.

"चौकटीच्या बाहेर?" हे म्हणाले.

"खिडकीवर!"

कोटवाला मागून ओरडत होता, कारण मॉडेलही आम्ही थांबवलेल्या टॅक्सीत चढली होती, कोटासकट. म्हणाली, "काकू, डोळ्यांची साक्ष लागली तर?" पोरगी गुणाची आहे. गाडीत मी बॅगेतली जुनी हार्ड डिस्क लावली. बारा वर्षांपूर्वी एका ओढणीवालीसाठी काढलेले अगदी जवळचे चेहरे. डोळा मोठा केला. छत्री, हे, मी. दुसरा चेहरा. छत्री, हे, मी. सातवा, विसावा, चाळिसावा. दुसऱ्या बायकांच्या डोळ्यांत आमचा सगळा संसार पडलेला होता.

मग मला नाक दिसलं. ह्यांचं नाक जरा जास्तच आहे, एवढ्याशा चित्रातही त्याचा रोख कळतो. स्टँडने मॉडेलकडे बघायचं असतं. नाहीतर फ्लॅश नेमका लागणार कसा? आणि प्रत्येक डोळ्यात ह्यांचं नाक माझ्याकडे.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही मॉडेलकडे बघत नव्हता?"

हे गुडघ्यांत छत्री धरून खिडकीबाहेर बघत होते. "फ्लॅश तिच्यावर असायचा की."

"म्हणून छत्री माझ्याकडे ढळायची! खांदा दुखत नव्हता तुमचा!"

"नाही," हे म्हणाले. "पण तेल बरं वाटायचं."

बर्फाच्या पिशवीचं पाणी मॉडेलच्या कोटातून गाडीभर झालं होतं, त्यात माझंही थोडं मिसळलं.

पाचला बारा मिनिटं कमी असताना खिडकीवर लॅपटॉप टेकवला. साहेबांनी आधी तारीख तपासली. मग भिंग काढलं.

"ही बाई कोण?"

"मी."

"चेहरा नाही."

"कॅमेऱ्यामागे आहे." मी कॅमेरा डोळ्याला लावला. माझं उजवं कोपर नेहमीसारखं वर गेलं. साहेबांनी कोपर आणि पडदा, पडदा आणि कोपर असं चार वेळा बघितलं. जुळलं. ह्यांना एका बाजूला तोंड करून उभं केलं, कॅमेरा न दाखवता. नाक जुळलं. मॉडेलने कोणी न विचारता दोन्ही डोळे मोठे करून साहेबांना दाखवले. साहेब क्षणभर त्यातच अडकले आणि म्हणाले, "मी पण दिसतोय." मग भानावर आले.

"पण नियम सात. दोघांनी कॅमेऱ्याकडे बघितलेलं असावं. हे तर बाजूला बघतायत."

"साहेब, कॅमेरा माझ्या हातात आहे," मी म्हटलं. "ते कॅमेऱ्याकडेच बघतायत."

साहेबांनी भिंग पुन्हा लावलं. बराच वेळ बघितलं. "बरोबर," ते म्हणाले. "आणि तुम्ही?"

मी मॉडेलकडे बघत होते. त्या फोटोत, आधीच्या फोटोत, सगळ्या फोटोंत. मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. हे म्हणाले, "साहेब, तिचं काम होतं ते."

साहेबांनी शिक्का हातात घेतला, परत ठेवला. "फोटो मान्य. आता खोल्यांच्या कागदावर दोघांचा आजचा एक फोटो लागेल. एकत्र. समोर बघा." आणि त्यांनी तो छोटा कॅमेरा उचलला.

हे दीड पाऊल सरकले. अंगातच आहे, काय करतील बिचारे. "सरकू नका" म्हणायला माझा आवाज घशापर्यंत आला होता. पण मी ओरडले नाही. मी वळले आणि त्यांच्याकडे बघितलं. नीट बघितलं. केस पांढरे झालेत. उजव्या कानावर उन्हाने काळा डाग पडलाय, छत्री दुसऱ्यावर धरून धरून. हा डाग केव्हाचा, मला माहीत नव्हतं.

खट्ट झालं.

फोटो बाहेर आला. त्यात मी एकटी, तोंड उघडं, मान डावीकडे, चौकटीबाहेर कुठेतरी बघतेय. साहेबांनी तो उन्हाकडे धरला.

"कुठे बघताय?"

"ह्यांच्याकडे," मी म्हटलं.

पाचला दोन मिनिटं कमी होती. साहेबांनी सोमवारचं 'अर्जदार दिसत नाहीत' एका रेघेने खोडलं आणि वर लिहिलं, 'अर्जदार दोन.'