थंडाबाबांची भुकटी आणि खाली माझी सही

फर्निचरच्या गोदामावरचा तो हॉल इतका भरला होता की उशिरा आलेले लोक जिन्यात उभे राहून ऐकत होते. व्यासपीठावर थंडाबाबा एक कागद उंच धरून उभे होते. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. पोटातली आग थंड करतात म्हणून थंडाबाबा, लोकांना एवढं पुरत होतं.

"पोटात जंतू निघाले. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे मूठभर गोळ्या गिळ," बाबा म्हणाले. "आम्ही म्हणालो, चिमूटभर भुकटी घे. आता सांगा, मूठ जिंकली की चिमूट?"

"चिमूट," हॉल गरजला.

"आमच्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही अडाणी माणूस. मशीनला विचारा. मशीन काय म्हणतं? जंतू आढळले नाहीत. खाली सही कोणाची? मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंची."

ती डॉक्टरीणबाई म्हणजे मी. मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि रागाने कानशिलं तापली होती. सही माझी, प्रयोगशाळा माझी आणि बाबांच्या शेजारी हात जोडून उभा असलेला चमत्काराचा ताजा नमुना म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ.

दादा छापखान्यात मशीन चालवतो. भाजीवाल्याचा काटा दोनदा तपासणारा माणूस. आमचे वडील पोटाच्या कर्करोगाने गेले तेव्हा ते दादाच्या आजच्या वयाचेच होते. म्हणून त्याची जळजळ वाढली तेव्हा मी त्याला ओढतच तपासणीला नेलं होतं. आमची तपासणी साधी असते. एक द्रव प्यायचा आणि थोड्या वेळाने पिशवीत श्वास फुंकायचा. पोटात तो जंतू असला तर त्याने केलेला वायू श्वासात सापडतो. दादाच्या श्वासात सापडला. मी औषधं लिहून दिली, दुर्बिणीने पोट आतून बघायची वेळ ठरवली. साहेबांनी औषधाचं पाकीटही फोडलं नाही. भुकटी खाल्ली, मला न सांगता पुन्हा पिशवी फुंकली, अहवाल स्वच्छ आला आणि दुर्बिणीची वेळ रद्द करून टाकली.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी आमची चांगलीच जुंपली.

"मी बाबाचं ऐकत नाहीये, छोटे. मी तुझ्या मशीनचं ऐकतोय," तो म्हणाला. "मशीन खोटं असेल तर तसं सांग."

मशीन खोटं नव्हतं. मी ते दोनदा तपासून घेतलं होतं. बाबाकडे जाऊन आलेल्या बाकीच्यांचे अहवालही स्वच्छ होते. चिमूटभर भुकटीने जंतू मरत नाही हे मला पक्कं माहीत होतं आणि माझाच कागद मला तोंडघशी पाडत होता. मला दादाच्या जिवाची भीती वाटत होती.

वहिनी पाणी घेऊन आली. "वन्सं, ते तुमचं पण ऐकतात हो. बाबांनीच सांगितलंय, तपासणीच्या आदल्या दिवशीसुद्धा भुकटी चुकवायची नाही. चुकली की गुण जातो."

मी पेला तसाच खाली ठेवला.

"दादा, तपासणीआधी तुला विचारलं होतं ना, ॲसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत का?"

"विचारलं होतं. नाही म्हणालो. मी कुठे गोळी खातो?"

तो खोटं बोलला नव्हता. बाबाचा एकही भक्त खोटं बोलला नव्हता. आम्ही गोळीबद्दल विचारत होतो आणि ते भुकटी खात होते. ॲसिड थांबवणारं औषध पोटात असलं की हा जंतू मरत नाही, पण मंदावतो, दबून बसतो आणि वायू कमी करतो. मग मशीनला तो सापडत नाही. म्हणून तर तपासणीच्या दोन आठवडे आधी ती औषधं बंद ठेवायला सांगतात. भुकटीत तेच औषध दळलेलं असणार, आणि बाबाला हे नेमकं माहीत होतं.

"भुकटी दोन आठवडे बंद ठेव आणि परत फुंक," मी म्हणाले. "जंतू खरंच गेला असेल तर त्याच हॉलमध्ये बाबांच्या पाया पडेन."

दादा कबूल झाला. मला खोटं पाडायची संधी तो कशी सोडेल?

भुकटी सुटली आणि जळजळ दुपटीने परतली. दादा रात्री उशीला टेकून बसू लागला. बाबांचा शिष्य दारात येऊन सांगून गेला, "ही अश्रद्धेची आग आहे. बहिणीने लावलीय." वहिनी माझ्याकडे बघेना. दादा भुकटीचा डबा हातात घ्यायचा आणि परत ठेवायचा. त्याने एक चिमूट जरी खाल्ली असती तरी सगळं मुसळ केरात गेलं असतं.

त्याने खाल्ली नाही. त्याने पिशवी फुंकली आणि मशीनने जंतू दाखवला. भुकटीचं पृथक्करण करून घेतलं, तर त्यात पिठीसाखर, खाण्याचा सोडा, पुदिन्याचा अर्क आणि दळलेलं ॲसिडचं औषध. दुर्बिणीची वेळ मी त्याच आठवड्यात मिळवली.

दुर्बिणीतून काढलेला दादाच्या पोटातला तुकडा मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्यालाच बघायला बसवलं.

"इथल्या पेशी बघ, किती शिस्तीत आहेत. आता या बाजूला बघ. या बदलल्यात. हा बदल म्हणजे कर्करोग नाही, पण त्या वाटेवरचा आहे."

तो बराच वेळ डोळा लावून होता. "जंतूने केलं हे?"

"हा जंतू अस्तराला चिकटतो. त्याच्या काही जातींकडे सुईसारखं यंत्र असतं. त्यातून तो आपलं एक प्रथिन पेशीच्या आत टोचतो. ते आतली कळ फिरवतं. मग पेशी शेजारणीला सोडते, आकार बदलते, नको तेव्हा वाढते. सगळ्यांना कर्करोग होत नाही, थोड्यांनाच होतो. पण हे वर्षानुवर्षं चालतं, आणि कधीकधी काहीच दुखत नाही."

"म्हणजे मशीनचं थांबायचं बटण चिकटून बसतं," दादा म्हणाला. मग हळूच विचारलं, "बाबांना असंच झालं होतं?" तो आमच्या वडिलांबद्दल विचारत होता.

"बहुतेक. तेव्हा कोणी बघितलंच नाही."

त्याने त्याच दिवशी औषधांचं पाकीट फोडलं. पुढच्या बैठकीला तो स्वतः व्यासपीठावर चढला आणि सगळं सांगितलं. थंडाबाबा शांतपणे हसले.

"बेटा, एकच सांग. आमच्या भुकटीने जळजळ थांबली होती की नाही?"

"थांबली होती," दादा म्हणाला. "म्हणूनच तर फसलो."

पहिल्या रांगेतली एक शिंपीण उठली. बाबांचा पहिला चमत्कार म्हणून तिचा अहवाल हॉलच्या दारावर चौकटीत लावलेला होता. "मी वर्षभर खातेय," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाई, मला आतून बघाल?"

मी दुसऱ्या दिवशी तिला बघितलं. दादाच्या पोटात जे वाटेवर होतं, ते तिच्या पोटात मुक्कामाला पोचलं होतं.

थंडाबाबांनी हॉल सोडला, दुसऱ्या गावी दुसरा घेतला असेल. आमच्या प्रयोगशाळेत आता गोळी, भुकटी, काढा, अंगारा, सगळ्याचं नाव घेऊन विचारतात. तुम्हीही विचारा. जे गिळताय त्यात काय आहे, ते बंद केल्यावर काय होतं आणि बंद करू नका असं कोणी का सांगतंय. बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती शिंपीण वर्षभर अगदी छान वाटत असताना मरणाकडे चालली होती.