एक सेकंद आधी

निफाडजवळच्या रेल्वे फाटकावर मी एकतीस वर्षं काढली. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं. म्हातारपणी इंग्लंडात बेसिंगस्टोकला लेकीकडे राहायला आलो, तर इथेही दर रविवारी सकाळी तेच काम वाट्याला आलं.

माझी नात अन्वी चौदा वर्षांची. बर्फावरची हॉकी खेळते. या खेळात कुणी आगळीक केली की पंच त्याला दोन मिनिटं एका काचेच्या खोपटात बसवतात. त्याला पेनल्टी बॉक्स म्हणतात. तोवर त्याच्या संघाने एक गडी कमी घेऊन खेळायचं. त्या खोपटाचं दार उघडायला एक माणूस लागतो. तिथे पाय गारठतात म्हणून पालकांपैकी कुणी ते काम घेईना. माझी लेक उर्वी सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या बाबांना अनुभव आहे." झालं. पगार नाही, पण हॉट चॉकलेट मिळतं.

त्या रविवारी सीझनची शेवटची मॅच होती. आमचे दोन गोल, पाहुण्यांचे दोन. आम्ही जिंकलो तरच कप आमचा. बरोबरी झाली तर तो पाहुणे नेणार. अन्वीने कपाटावर जागा आधीच रिकामी करून ठेवली होती.

शेवटची अडीच मिनिटं राहिली असतील. पाहुण्यांची नऊ नंबरची मुलगी सुसाट निघाली. ती आता गोल मारणार हे मलासुद्धा कळलं. तेवढ्यात अन्वीने मागून तिच्या पायात स्टिक घातली. मुलगी आपटली, घसरत गेली, उठली. पंचांनी शिट्टी वाजवली आणि आमची अन्वी दोन मिनिटांसाठी माझ्या शेजारी येऊन बसली.

"मुद्दाम पाडलंस?" मी विचारलं.

"ऑफकोर्स, आबा. ती गोल मारणार होती. कोच म्हणतात, ही गुड पेनल्टी."

"गुन्हा, आणि गुड?"

"बघा ना. रूल तोडला तर दोन मिनिट, असं रूलमध्येच लिहिला आहे. मी तोडला, मी बसले. फेअर आहे."

मला भिकाजी दूधवाला आठवला. मी तिला सांगितलं, "आमच्याकडे एक दूधवाला होता. रोज बंद फाटकाखालून सायकल काढायचा. मी ओरडलो की माझ्या हातात चिठ्ठी कोंबून पळायचा. म्हणायचा, लेखी माफी आहे, मामा. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. माणूस चुकतो, पण मान ठेवतो, असं वाटून मी सगळ्या चिठ्ठ्या डब्यात जपल्या. पुढे तुझ्या आईने मला अक्षरं शिकवली, तेव्हा डबा उघडला. प्रत्येक चिठ्ठीत एकच मजकूर. 'आज चूक झाली, माफी असावी. उद्याही होईल.'"

अन्वी हेल्मेटच्या जाळीआड खिदळली. "लेजंड आहे तो. मग तुम्ही काय केलं?"

"मीही चिठ्ठी लिहिली. आयुष्यातली पहिली. 'गाडीला कळवलं आहे. ती थांबणार नाही म्हणते.' दुसऱ्या दिवसापासून तो थांबायला लागला."

"पण आबा, इथे ट्रेन नाही. इथे कोणी मरत नाही."

मी हॉट चॉकलेट प्यायलो.

समोरच्या बोर्डावर तिच्या शिक्षेचे लाल आकडे उलटे पळत होते. आमच्या मुली एक गडी कमी असूनही झुंजत होत्या. तिचे वीस सेकंद राहिले तेव्हा अन्वी दाराला चिकटून उभी राहिली.

"आबा, एक सांगू? गेटवाल्याने चुकून लवकर उघडला तर प्लेयरला पनिशमेंट नसते. रूल बुकमध्ये आहे."

"चुकून."

"हो. चुकून." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

आमच्या एका मुलीने पक, म्हणजे ती रबराची काळी चकती, जोरात लांब फटकावली. ती घसरत घसरत थेट आमच्या दारासमोर येऊ लागली. मागून नऊ नंबर. लाल आकडा तीन. दोन. शून्यापर्यंत थांबलो असतो तर पक नऊ नंबरला मिळाली असती. बोर्डावर एक दिसत होता आणि माझ्या हाताने कडी काढली.

अन्वी सुटली. समोर फक्त गोलकीपर. तिने गोल मारला.

सगळं मैदान नाचायला लागलं. उर्वीने कुणा अनोळखी बाईला मिठी मारली. कुणाचंही दाराकडे लक्ष नव्हतं. मी कडीकडे पाहत बसलो. एकतीस वर्षांत एकदाही नाही, आणि आता, एका कपासाठी.

खेळ पुन्हा सुरू करायला पंच मधल्या ठिपक्याकडे निघाले, तेव्हा मी काचेवर थाप मारली.

"मी लवकर उघडलं," मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. "एक सेकंद. चुकून नाही."

मग गोल रद्द झाला, घड्याळ मागे गेलं आणि नियमाप्रमाणे अन्वी उरलेला एक सेकंद भोगायला पुन्हा माझ्या शेजारी आली. इतका लांब सेकंद मी पाहिला नव्हता. या वेळी मी शून्य पाहून दार उघडलं. मॅच बरोबरीत सुटली. कप पाहुण्यांनी नेला.

गाडीत ती मागच्या सीटवर बसली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "मग का उघडला?"

"तू माझी नात आहेस म्हणून."

"आणि का सांगितला?"

"फाटक माझं होतं म्हणून."

"माझी गुड पेनल्टी होती. तुमची बॅड होती."

"तू निदान बसलीस तरी. मला कुणी बसवलंच नाही."

घरी पोचल्यावर तिने स्वयंपाकघरातला टायमर आणला, मला जिन्याखालच्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनरशेजारी स्टुलावर बसवलं आणि दोन मिनिटं लावून दार ओढून घेतलं. बाहेर उर्वी हसत होती. अन्वी हसत नव्हती, पण दारापाशीच उभी होती. फटीतून तिचे मोजे दिसत होते.

दार उघडलं. "या बाहेर, आबा."

मी तिच्या हातातल्या टायमरकडे पाहिलं. एक सेकंद बाकी होता.

"चुकून," ती म्हणाली.

मी तो सेकंद बसून काढला आणि मग उठलो.