धरलेल्या जागा

“उचल ना ती पुस्तकं! उभं राहायचं का आम्ही?” थोरला दबक्या आवाजात डाफरला.

समोर वेदीपाशी आईची शवपेटी होती, चर्च गच्च भरलं होतं आणि दुसऱ्या रांगेतल्या बाकावर चार काळी गीतपुस्तकं ओळीने मांडलेली होती. धाकटीने सकाळी येऊन आधी तीच मांडली होती. आई पेटीत आहे हे तिला ठाऊक होतं. तिच्या हातांना कुणी कळवलं नव्हतं.

तीस वर्षं हाच क्रम होता. घर सोडून गेलेल्या मुलांसाठी आई दर रविवारी जागा धरायची. थोरला, मधला, ताई. पुढे थोरल्याला मुलगा झाला तसं नातवाचंही पुस्तक वाढलं. बाक पाच जणांचा. चार पुस्तकं आणि आई, की बाक भरला. मोठ्या उपासनेला लोक पालींसारखे भिंतीला चिकटून उभे असत, पण त्या बाकाकडे डोळा वर करून बघायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका जाड्या पोलिसाने पुस्तक सरकवून टेकायचा बेत केला. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो शेवटच्या आमेनपर्यंत ताठ उभा राहिला आणि महिन्याभरात त्याने बदली मागून घेतली.

आईची भक्तीच तशी जबर. सकाळची प्रार्थना सुरू करताना तिने दूध तापत ठेवलं, तर आमेन म्हणेपर्यंत दूध उतू जाऊन, भांडं करपून, शेजारीण पाण्याची बादली घेऊन दारात आलेली असे. थोरल्याचा गुडघा, मधल्याची नोकरी, ताईच्या सासूचा स्वभाव... देवाला एकेक तपशील रोज नव्याने ऐकावा लागे.

धाकटी एका बाइंडरकडे कामाला होती. ती गीतपुस्तकं वाचून झिजत नसत, उचलून-ठेवून झिजत. दर चार-पाच वर्षांनी ती घरी उसवायची, पानं नव्याने शिवायची, खळ लावून वजनाखाली दाबायची, काळं रेक्झिन चढवायची आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत भावंडांची नावं ठोकायची. आतली पानं मात्र करकरीत. एका बोटाचा डाग नाही.

ती स्वतः बसायची मागे, दाराजवळच्या स्टुलावर. त्याचे तीन पाय धड, चौथा सैल. तिने आपला डावा पाय जमिनीवर रेटून धरला तर तोल राही. जरा ढिला सोडला की कुर्र.

एकदाच तिने विचारलं होतं, “आई, एक रविवार मी बसू का बाकावर? कुणी येत तर नाही.”

“आणि नेमका त्याच दिवशी एखादा आला म्हणजे? आईच्या शेजारी जागा नाही म्हणून माघारी धाडू?”

“आणि मी?”

“तुझं काय गं! तू घरचीच. तुझी जागा कोण पळवतंय?”

शेवटचं वर्ष आई अंथरुणाला खिळली. धाकटी एकटीच जाऊन चार पुस्तकं मांडायची आणि आईच्या हुकुमाने पाचव्या जागी तिच्या चष्म्याचं घर ठेवायची. परतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला.

“आलं कुणी?”

“नाही.”

“पावसापाण्याचे दिवस. कसे येतील?”

बाहेर रखरखीत ऊन असे.

आज मात्र सगळे आले होते. धाकटीने पुस्तकं उचलून ज्याची त्याच्या हातात दिली. थोरला बसला, मधला बसला, ताई बसली, नातू बसला आणि आईच्या जागेवर वहिनी टेकली. “वन्सं, तुम्हाला मागे चालेल ना?”

धाकटी स्टुलावर जाऊन बसली. डावा पाय रेटला.

थोरला बोलायला उठला. कागद घरूनच लिहून आणला होता. “आमच्या आईने आम्हा तिन्ही भावंडांना याच बाकावर बसवून देवाचं वचन शिकवलं...”

खोकल्याची एक साथ चर्चभर पसरली. पाळकसाहेबांनी एकाएकी चष्मा पुसायला घेतला. ताईने डोळे टिपत होकारार्थी मान हलवली. धाकटी थोरल्याच्या बगलेतल्या पुस्तकाकडे बघत होती. शिवण अजून पक्की होती.

माती देऊन झाल्यावर घरी चहा झाला आणि निघायची घाई सुरू झाली.

“तू भाग्यवान गं,” ताईने गळ्यात पडून म्हटलं. “तुला आई मिळाली.”

“पुस्तकं तेवढी न्या. नावं आहेत तुमची.”

“सामानात कुठे कोंबू? राहू दे तुझ्याकडे, आठवण म्हणून.”

नातू घुटमळला. “आत्या, आजी खरंच माझ्यासाठी जागा धरायची?”

“पंचवीस वर्षं.”

“कुणी बोललंच नाही मला!” त्याने पुस्तकाचा फोटो काढला आणि पुस्तक चहाच्या ट्रेमध्ये ठेवून तो गाडीत बसला.

गाड्या गेल्यावर धाकटीने आईची उशी झटकली. खाली आईचं स्वतःचं गीतपुस्तक होतं. गेल्याच वर्षी धाकटीने त्याला शेवटचं कोरं पान नव्याने चिकटवलं होतं. ते आता कोरं नव्हतं. थरथरत्या अक्षरात प्रार्थनेची यादी होती. थोरला, गुडघा. मधला, नोकरी. ताई, सासू. नातू, परदेश. धाकटी बोट खाली खाली नेत गेली. शेजारीण होती, पाळकसाहेबांचा मधुमेह होता, त्या जाड्या पोलिसाचा आत्मासुद्धा होता. सगळ्यात खाली, शाई संपत आलेल्या पेनने लिहिलं होतं : दाराजवळच्या स्टुलाला खिळा.

तिने पान उलटलं. मागे काही नव्हतं.

पुढच्या रविवारी ती बाइंडरची हातोडी घेऊन लवकर चर्चमध्ये गेली. घंटा वाजवणारा म्हातारा सेवक झाडत होता.

“आता कशाला गं स्टूल? अख्खा बाक मोकळा पडलाय. बस हक्काने.”

ती आईच्या जागेवर जाऊन बसली. बाक तसूभरही हलेना. तिला घेरी आल्यासारखं झालं. तिने मागे वळून पाहिलं. तिथून दार स्वच्छ दिसत होतं, येणारा-जाणारा दिसला असता. स्टूल तेवढं खांबाआड होतं. इतकी वर्षं आईला इथे त्याची नुसती कुरकुर ऐकू आली असणार, ऐन प्रार्थनेत.

ती उठली. स्टूल उलटं केलं, ओठांत धरलेला खिळा काढला आणि चार ठोक्यांत बसवला.

मंडळी येऊ लागली. एका नव्या कुटुंबाने बाकाकडे बघून विचारलं, “इथे कुणी आहे का?”

“कुणी नाही,” धाकटी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

स्टूल हललं नाही. तिचा डावा पाय मात्र उपासना संपेपर्यंत जमिनीवर रेटलेलाच होता.