खुंटीचं वाण

पद्मिनीने वसुधाच्या कपाळाला कुंकू असं दाबून लावलं, की तिची मान मागे गेली.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," पद्मिनी म्हणाली. आवाजात गोडवा औषधालाही नव्हता.

लखनौतल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा पद्मिनीच्या सरोजिनी नगरमधल्या नव्या घरी होतं. भिंतींचा ओलावा अजून गेला नव्हता, आणि अंगणात तुळशीपासून हातभर अंतरावर लाल डोक्याची लाकडी खुंटी ठोकलेली होती. शहरातून विमानतळाकडे नवी रेल्वे न्यायची आखणी चालली होती, ही खुंटी तिचीच खूण. आखणारा इंजिनियर म्हणजे वसुधाचा नवरा, माधव. रेल्वे आली की हे घर जाणार, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. सतरंजीवर वसुधाच्या दोन्ही बाजूंना कुणी बसलं नव्हतं.

"विमानानं जाणार कोण हो?" निशातगंजच्या विनयाताई मोठ्यांदा म्हणाल्या. "आपण तर बाई सेकंड क्लासवाल्या."

"साहेबलोक जातील की! त्यांना विमानतळाला जाताना कानपूर रोडची धूल लागते ना!" पद्मिनी वसुधाकडे वळली. "अच्छा, एक सांगा वहिनी. बाजूला एवढी मोकळी जमीन पडलीय. माधवरावांना आमच्याच घरावरून रेघ ओढायची होती?"

वसुधाने खांद्यावरची शाल उगाच सारखी केली. पहिली रेघ त्या मोकळ्या जमिनीतूनच होती. मग ती जमीन माधवच्या साहेबांच्या मेव्हण्याने घेतली आणि रेघ सरकली. भात कालवता कालवता माधवनेच तिला हे सांगितलं होतं. "वरून ऑर्डर आली, मी काय करणार?" असंही म्हणाला होता. तिला त्याचा भयंकर संताप आला होता, आणि तरी तिने त्याला ताक वाढलं होतं.

"मला त्यातलं काही कळत नाही," ती म्हणाली.

"कसं कळेल!" पद्मिनी हसली.

तिने सगळ्यांना वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. वसुधापाशी येऊन थबकली, तशीच अंगणात गेली, खुंटी हलवून हलवून उपटली आणि मातीसकट तिच्या ओटीत टाकली. हळदीकुंकवाच्या वाणाला नाही म्हणता येत नाही. वसुधाने पदर आवळला आणि ती उठली.

घरी माधवने खुंटी पाहिली आणि तो भडकलाच.

"सरकारी मार्क आहे हा! उद्या तिथंच परत ठोकतो."

वसुधाने खुंटी देवासमोर इतर वाणांशेजारी ठेवली. तिला हळदकुंकू वाहिलं.

"वाण परत करत नाहीत."

"वेडी आहेस का? दुसरी ठोकेन."

"ठोका. पहिली रेघ होती तिथं ठोका." ती वळली. "शुक्रवारी हळदीकुंकू आपल्याकडे आहे. पद्मिनीने आज रेघेचं विचारलं तेव्हा मी मूग गिळून बसले. परत विचारलं तर बसणार नाही."

माधव तिच्याकडे बघत ताटावर बसला. तिने भात वाढला. ताक वाढलं नाही.