सीटखालचं इंजिन आणि तीन नारळ

आमच्या पिकअपचं इंजिन समोर नाही, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली आहे. कडी काढून सीट मागे लोटली की उघडं पडतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या सोयीमुळे झाला.

दसऱ्याला सारा गाव गाडीच्या चाकाजवळ नारळ फोडतो. पण माझे सासरे यशवंतराव जगाच्या दोन पावलं पुढे. "चाकाची कायची पूजा? ताकद तं इंजिनात हाय," असं त्यांचं म्हणणं. म्हणून आमच्याकडे सीट उघडायची, इंजिनाला हळदकुंकू लावायचं, नारळ वरच फोडायचा आणि पाणी आत सोडायचं. जुनी गाडी डिझेलची होती. तिच्यात ठिणगी पाडणारे प्लगच नव्हते, त्यामुळे तिने हे लाड वर्षानुवर्षं सोसले. ही नवी गाडी पेट्रोलची. पण परंपरेला पेट्रोल-डिझेल कुठे कळतं?

यंदाही दसऱ्याला पाणी आत गेलं आणि त्याच दिवशी मी पहिल्यांदा घरच्यांना घेऊन गाडी चालवली. लायसन नुकतंच हातात आलं होतं. लोधीखेड्याला नात्यात सोनं द्यायला निघालो. शेजारी सासूबाई अंबाबाई, म्हणजे बरोबर इंजिनावर. मागे संत्र्याच्या रिकाम्या क्रेटवर सासरे आणि माझा नवरा भूपेंद्र. रामाकोन्याच्या पुढे चढ लागला आणि गाडी हीव भरल्यासारखी थरथरायला लागली.

"पाय लागला," अंबाबाई म्हणाल्या.

"कोणाचा?" मी विचारलं.

"दुसरं कोन चालवून राह्यलं?"

इंजिनावर बसलेल्या त्या स्वतः आणि दोष माझ्या पायाचा! घरी आल्यावर चावी माझ्या हातातून गेली ती देवघरातल्या खिळ्यावर. ठराव असा झाला की चंचलने, म्हणजे मी, यापुढे गाडीत मागे क्रेटसोबत बसायचं. समोर बसायचंच नाही, चालवायची गोष्ट तर दूरच. भूपेंद्रने या ठरावाला विरोध केला नाही. तो घरात कशालाच विरोध करत नाही, म्हणून सगळे त्याला गुणी म्हणतात.

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. सौसरच्या मैदानावर लोकांचं हसणं ऐकत मी गाडी शिकले होते. पांढुर्ण्याच्या मंडीत आमची संत्री मी स्वतः घेऊन जाणार, ही गोष्ट मी मनात किती वेळा करून पाहिली होती, तिचा हिशेब नाही. आता त्याच मंडीत मी पिकअपच्या मागच्या उघड्या डाल्यात, संत्र्यांच्या बरोबरीने, हेलकावे खात जायला लागले.

गाडी काही सुधरेना. भूपेंद्र चालवायचा तेव्हाही तशीच थरथरायची. पण त्यावर अंबाबाईंचं उत्तर तयार होतं, "तिचं लागलेलं उतरलं नाई अजून." उतरवायला दुसरा नारळ झाला. कुठे फोडला, ते सांगायला नकोच. दुसऱ्याच दिवशी थरथर वाढली. म्हणजे लागलेलं भलतंच जबर असणार, असं ठरून तिसरा झाला. समोर लिंबू-मिरची लटकली. जामसावळीच्या हनुमानाला नवस बोलून झाला. मारुतीराया ऐकत असेल तर म्हणत असेल, अरे बाबांनो, आधी तो नारळ खाली ठेवा.

भूपेंद्रने सौसरच्या विनायक मिस्त्रीला फोनही केला. विनायक म्हणाला, प्लग बदलून पाहा, मग कॉइल तपास. भूपेंद्रने आज्ञाधारकपणे चार नवे प्लग आणले आणि आईच्या सांगण्यावरून देवासमोर ठेवले. चांगला दिवस पाहून बसवायचे होते. चांगला दिवस काही येईना. प्लगांवर रोज कुंकू चढत राहिलं.

एका सकाळी सासरे संत्र्याच्या बगीच्यात गेले होते. मी देवघरातून प्लग उचलले, कुंकू पुसलं, खिळ्यावरची चावी घेतली आणि अंगणात उतरले. इंजिन रात्रभर थंड झालेलं होतं. विनायकला फोन लावला.

"गाडी कोन खोलून राह्यलं?" त्याने विचारलं.

"मी. काही अडचण?"

"नाई जी वयनी. गाडीले काय समजते कोनाचा हात हाय तं."

मला तो माणूस तिथेच आवडला.

सीट मागे लोटली. चार प्लग, प्रत्येकावर एक कॉइल बसवलेली. याच कॉइलमधून प्लगला ठिणगी मिळते. वायर काढायची, एक बोल्ट खोलायचा आणि कॉइल सरळ वर ओढायची. पहिली निघाली, कोरडी. दुसरीही कोरडी. तिसरी ओढली तर हाताला चिकट लागलं आणि आंबूस वास आला. खाली प्लगच्या खळग्यात गंजाचं पाणी साचलेलं. त्यात नारळाच्या शेंड्या आणि लाल कुंकवाचा गाळ. तीन नारळांचं तीर्थ होतं ते.

"आई," मी हाक मारली, "जरा इकडे या. माझा पाय सापडला."

अंबाबाई आल्या. वाकून पाहिलं. वासावरून त्यांना कळायचं ते कळलं, पण त्या कबूल करतील तर त्या अंबाबाई कसल्या? "पावसाचं असंन," त्या म्हणाल्या.

"पावसात शेंड्या पडतात का आई?"

भूपेंद्र दारात चहाचा कप घेऊन उभा होता. तो हसला आणि आईने पाहिल्यावर गंभीर झाला.

खळगा फडक्याने कोरडा केला, सायकलच्या पंपाने हवा मारली. जुने प्लग काढून नवे बसवले. विनायकने बजावलं होतं की आधी हातानेच फिरवायचे, पाना शेवटी लावायचा. तसंच केलं. कॉइली परत लावल्या आणि चावी फिरवली. गाडी थरथरली. अगदी पहिल्यासारखी.

"पाय," अंबाबाई म्हणाल्या. इतक्या समाधानाने त्या दिवाळीच्या अनारशांनाही चांगलं म्हणत नाहीत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता सासरे येतील, चावी खिळ्यावर जाईल आणि या वेळी कायमची जाईल, हे मला दिसत होतं. फोनवर विनायक ओरडत होता, "वयनी, चालू गाडीत एकेका कॉइलीची वायर काढून पाहा!" पहिलीची काढली, गाडी आणखी गचके द्यायला लागली. म्हणजे ती कामाची. दुसरी तशीच. तिसरीची काढली तर काही फरकच नाही. म्हणजे तिसऱ्या जागेवर काम होतच नव्हतं. चौथीही बरी निघाली.

"आता गाडी बंद करा. तिसरी कॉइल पयलीच्या जागी लावा, पयली तिसरीच्या. दुखनं सोबत गेलं तं कॉइल खराब. तिथंच राह्यलं तं दुसरं पाहू."

मी अंबाबाईंना समजावून सांगितलं, "आई, सासू-सून वेगळ्या घरात ठेवून पाहायच्या. भांडण जिच्यासोबत गेलं, तिचा दोष."

"मले कायले सांगून राह्यली?" त्या म्हणाल्या, पण हलल्या नाहीत. आता त्यांनाही पाहायचं होतं.

कॉइली बदलल्या, गाडी चालू केली. तिसऱ्याची वायर काढली, गाडीने जोरात गचका दिला. ती जागा आता काम करत होती. मग पहिल्याची काढली. काहीच फरक नाही. दुखणं कॉइलसोबत गेलं होतं.

भूपेंद्रने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता कप खाली ठेवला. "मी पांढुर्ण्याहून कॉइल घेऊन येतो," म्हणाला आणि मोटारसायकल काढली. दुपारी नवी कॉइल लागली. गाडी अशी शांत सुरू झाली की सासऱ्यांनी जेवताना विचारलं, "चालू हाय का बंद?" मग खळगा पुसलेलं, शेंड्या चिकटलेलं फडकं पाहून ते भातच कालवत राहिले.

माफी वगैरे कोणी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. शनिवारी नवस फेडायला निघायचं ठरलं. मी सवयीने मागे चढायला गेले तर डाल्यात भूपेंद्र आधीच क्रेटवर बसलेला, शेजारी सासरे. अंबाबाई समोर इंजिनावरच्या सीटवर, मांडीत नारळ. ड्रायव्हरची सीट रिकामी आणि चावी लावलेली.

मी बसले. चावी फिरवली.

जामसावळीला पोचलो. रस्त्याच्या कडेला एक नवी कोरी कार उभी होती. बोनट उघडं, मालक आत वाकलेला, हातात नारळ. मी गाडी थांबवते न थांबवते तोच अंबाबाईंनी दार उघडलं.

"ओ भाऊ! थांबा! झाकन लावा पयले. पानी अंदर गेलं तं गाडी झटके देते."

"कोन सांगतलं तुमाले?"

अंबाबाईंनी वळून माझ्याकडे बोट केलं. "हे माही सून. आमची गाडी हेच चालवते."

दर्शन झालं, आमचा नारळ पायरीजवळच्या दगडावर फुटला. परतताना त्या पुन्हा शेजारी बसल्या आणि जरा चुळबुळल्या.

"खालून गरम लागते वं."

"इंजिन आहे, आई."

"हाय ना मंग. चाल."