कुंडीतली सात पानं

डोंगरकडा गावात जनकाबाईला बोलायला माणूस नव्हतं, असं म्हणाल तर ते खोटं ठरेल. बोलायला अख्खं गाव होतं. शेजारची खतीजाबी तर आपलं बांगड्यांचं दुकान उघडं टाकून दिवसातून चारदा हिच्या ओट्यावर येऊन टेकायची. पण बोलणं वेगळं आणि कोणी आपली विचारपूस करणं वेगळं. तशी विचारपूस करणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते होतं पुण्याला. ज्योती, जनकाबाईची सून.

आता तिला सून तरी कुठवर म्हणायचं? एकुलता एक धम्मानंद काविळीनं गेला, त्याला दोन वर्षं होत आली. लेकरूबाळ झालं नव्हतं. पुण्यातली भाड्याची खोली सोडून ज्योती नोकरदार बायकांच्या वसतिगृहात राहायला गेली. तिथं कुंड्या ठेवू देत नाहीत, म्हणून श्रावणात एक कुंडी मांडीवर घेऊन ती एसटीनं डोंगरकड्याला आली. कुंडी वीतभर, आणि तीत अळवासारखी पण मधे लालभडक अशी चार पानं. धम्मानंदनं हौसेनं आणलेलं झाड. "मामी, हे घरातलं झाड आहे, उन्हात ठेवू नका," एवढं सांगून ती दुसऱ्या दिवशी परत गेली. इकडं सासूला मामीच म्हणतात.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी जनकाबाईचा बटणांचा फोन वाजायचा. ज्योती आधी विचारायची, जेवलात का. मग विचारायची, झाड कसं आहे. की जनकाबाई सुटलीच. पान उलगडलं, पानावर धूळ बसली ती ओल्या फडक्यानं पुसली, मांजरानं वास घेतला. चांगली दहा मिनिटं झाडावर निघायची. फोन ठेवला की घर पुन्हा गप्प. पण पुढचा रविवार नक्की असायचा, आणि त्याच्या आधारानं मधले सहा दिवस ढकलता यायचे.

जनकाबाई काही दूधखुळी नव्हती. नवरा राहिला नाही, लेकरू नाही, मग ही पोरगी सासूला फोन करते ती कोणत्या नात्यानं? त्या झाडाच्या नात्यानं. झाड आहे तोवर फोन आहे, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि नेमकं थंडी सुरू झाली तसं झाडानं मान टाकली. एक पान पिवळं पडलं, मग दुसरं. जनकाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सकाळी पाणी घातलं, संध्याकाळी घातलं. रात्री कुंडीभोवती पोतं गुंडाळलं. खतीजाबी म्हणाली, "अगं जनका, अति तिथं माती. किती पाणी पाजून राहिलीस त्याला?" पण ऐकते ती जनकाबाई कसली. दुखण्यात पडलेल्या लेकराला तहानलेलं ठेवतं का कोणी, असं म्हणून तिनं आणखी एक तांब्या ओतला. संक्रांत आली तोवर कुंडीत नुसती काळी चिकट माती उरली.

रविवारी फोन आला. झाड कसं आहे? जनकाबाई कुंडीकडं पाठ करून म्हणाली, चांगलं हाये, नवं पान आलंय. आता खोटं कसं असतं बघा, एकदा बोललं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. पुढच्या रविवारी पान उलगडलं, त्याच्या पुढच्या रविवारी त्याच्या शेजारी दुसरं आलं. माघ लागला तेव्हा कुंडीत एक काडी नव्हती आणि फोनवर सात पानं डुलत होती. खतीजाबीनं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सरळ सांगून टाक म्हणाली. जनकाबाई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग एका रविवारी ज्योती म्हणाली, पुढच्या शनिवारी येते, बोलायचं आहे. जनकाबाईची पाचावर धारण बसली. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. नांदेडहून तसंच दुसरं झाड आणावं म्हटलं, तर त्याचं नाव कुठं धड घेता येत होतं.

शुक्रवारी ती हळदीच्या काढणीला गेली. या कामात तिची चाळीस वर्षं गेली होती. पुढं गडी कुदळीनं खणायचे, मागं बाया माती झटकून गड्डे वेचायच्या. वाळून कोळ झालेला पाला बांधावर पडला होता, आणि त्याच पाल्याखालचा घट्ट, जडशीळ गड्डा तिच्या मुठीत होता. तिचा हात तिथंच थांबला. हळदीचा पाला पिवळा पडला की पाणी तोडायचं, वरचं मेलं तरी खालचं मरत नाही, हे गावात तिच्याएवढं कोणाला ठाऊक? पण ते झाड पुण्याचं, घरातलं, धम्मानंदच्या फोटोखाली ठेवायचं. शेतातली अक्कल त्याला लावावी, हे काही तिला सुचलं नव्हतं.

अर्धी रोजी सोडून ती घरी आली. कुंडी पालथी केली, चिखल चाचपला. सापडला, सुपारीएवढा गड्डा. एक बाजू कुजून मऊ पडली होती, दुसरी टणक होती. कुजकं तिनं विळ्यानं कापून काढलं, कापलेल्या जागी चुलीतली राख लावली आणि गड्डा टोपलीत कोरड्या वाळूवर ठेवला. मग भिंतीला टेकून बसली आणि पोटभर रडली. आपल्या मायेनंच आपण त्याला मारत होतो, याचं तिला फार वाईट वाटलं.

शनिवारी ज्योती आली. जनकाबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि ती बसायच्या आतच टोपली पुढं ठेवून सगळं सांगून टाकलं. सात पानांसकट.

ज्योतीनं गड्डा हातात घेतला. "मला ठाऊक होतं, मामी," ती म्हणाली. "दर थंडीला हे असंच झोपतं. सांगायचं राहिलं, आणि मग तुम्ही पानं वाढवत गेलात."

"मग दर खेपेला झाडाचं काहून इचारत होतीस?"

"दुसरं काय विचारणार होते मी तुम्हाला?"

मग ज्योतीनं जे बोलायला आली होती ते सांगितलं. पुण्याचाच एक जण आहे, चांगला आहे, चैत्रात लग्न करायचं म्हणतो. तुमची ना असेल तर नाही म्हणून सांगते. जनकाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, माझी कशाला ना असेल, तू सुखात राहा. आणि ते ती मनापासून बोलली. फोन करीन, असं ज्योती तीनदा म्हणाली. जनकाबाई हो म्हणत राहिली, पण नव्या संसारातून जुन्या सासूला किती दिवस फोन येतात, हे कळायचं तिचं वय झालं होतं.

हळदीचं बेणं ती जसं फोडायची तसाच तिनं तो गड्डा फोडला. कोंब जिथून फुटतो ते डोळे मोजले. तीन होते. दोन डोळ्यांचा तुकडा ज्योतीच्या पदराला बांधला, एका डोळ्याचा स्वतःला ठेवला. बेणं देताना चांगलं ते द्यावं.

चैत्रात लग्न झालं. दोन रविवार फोन आला, मग तीन रविवार नाही. जनकाबाई फोन समोर ठेवून भाकर खायची आणि तो चालू आहे ना हे खतीजाबीच्या पोरीकडून बघून घ्यायची. उन्हाळ्याच्या शेवटी एका रविवारी तो वाजला. ज्योती खुशीत होती. तिच्या कुंडीत दोन पानं उघडली होती. तुमचं आलं का?

"न्हाई अजून," जनकाबाई म्हणाली. ते खरं होतं.

"येईल. पुढच्या रविवारी विचारते हं."

आणि खरंच पुढच्या रविवारी फोन आला. त्याच्या पुढच्याही. आलं का? न्हाई अजून. मग ज्योती काळजी करायची, माती कोरडी आहे का विचारायची, आणि बोलता बोलता नव्या घरातलं, सासूच्या गुडघ्याचं, नोकरीतलं काय काय सांगायची.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी जनकाबाईनं कुंडी पाहिली. माती फोडून बोटाच्या पेराएवढा कोंब वर आला होता, टोकाला लाल. ती किती तरी वेळ त्याच्यापाशी बसून राहिली. खतीजाबीला हाक मारून दाखवला. खतीजाबीनं बोटं मोडून त्याची दृष्ट काढली.

रविवारी दुपारी फोन वाजला. तोवर पहिलं पान सुटून उभं राहिलं होतं, अळवाचं असतं तसंच, पण मधे लालभडक.

"मामी, आलं का?"

जनकाबाईनं पानावरची धूळ पदरानं पुसली.

"न्हाई अजून," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी इचार."