खिशातले हात

आमच्या कुस्कोत कोणी पाव घेऊन समोर आलं, की शहाण्याने आधी हात लपवावेत. सणाचा मानकरी ओरोपेसा गावचा परातीएवढा पाव घेऊन तुमच्याकडे येतो, त्याला हुर्का म्हणतात. त्या पावाला हात लागला की संपलं. बँड आणायचा तर बँड आणा, संताची पालखी उचलायची तर पालखी उचला. घेतल्यावर मागे फिरलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

म्हणून त्या सकाळी मी दोन्ही हात जाकिटाच्या खिशात कोंबून कोरिकांचा मंदिराच्या दारात उभा होतो. समोर माझी थोरली बहीण साबिना, पाठीवर पावाचं गाठोडं बांधून. यंदा सान ब्लास संताच्या पालखीची मानकरीण तीच. तीन दिवस हात धुऊन माझ्या मागे लागली होती.

"तुराय," ती म्हणाली. बहीण भावाला अशीच हाक मारते आमच्यात, आणि भाऊ बहिणीला पानाय. आम्ही दोघांनी ते शब्द नऊ वर्षांत तोंडातून काढले नव्हते. काम पडलं तेव्हा बाईसाहेबांना बरोबर आठवलं.

"मी कामात आहे."

"कर की काम. मी कुठं तुझं तोंड धरलंय?"

काम म्हणजे लिमाहून आलेल्या एल्विराबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, पायात नवे बूट, आणि प्रत्येक दगडाबद्दल दोन प्रश्न. त्यांना मंदिरापासून सान ब्लासच्या चौकापर्यंत चालवत न्यायचं, एवढंच. अर्ध्या तासाची वाट, मी डोळे मिटून चालतो.

"ही भिंत कुठली?" बाईंनी विचारलं.

"ती खालची इंकांची, वरची पाद्र्यांची," मी हनुवटीने दाखवलं.

"हाताने दाखवा की! मला काय कळणार तुमच्या हनुवटीचं?"

"हात गारठलेत, बाई."

मागून साबिना फिसकन हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

लोरेतोच्या बोळात शिरलो. दोन्हीकडे काळ्या भिंती, मध्ये तिघांना शेजारी चालता येईना. बाई पुढे, मी मध्ये, साबिना माझ्या टाचेला टाच लावून.

"मानकरणीच्या घरचा एक खांदा पालखीला लागतोच," ती माझ्या मानेपाशी बोलत होती. "माझ्या पोरी लिमाला. घरात पुरुष उरलाय कोण? तू. नाही आलास तर पालखीवाल्यांचा फेर्मिन माझा मान काढून दुसऱ्याला देईल. आईचा मान होता तो."

"मग तुझ्या तोरिबिओला उठव थडग्यातून. त्याचा खांदा घे."

"जीभ झडेल तुझी!"

"झडू दे. तुझी नाही ना झडली?"

एल्विराबाईंनी वळून पाहिलं. "नवरा-बायको का?"

"देव न करो!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

आता सांगूनच टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मीच नाठाळ. नऊ वर्षांपूर्वी कॉर्पुसच्या सणाच्या आदल्या दिवशी सान ब्लासची पालखी उतार उतरत होती. पुढचा डावा खांदा माझा. माझ्या मागचा तोरिबिओचा, म्हणजे साबिनाच्या नवऱ्याचा. आमचा बाबा पुढे पालखीची टेकणकाठी घेऊन चालत होता. हातुन रुमियोक गल्लीच्या वळणावर मागून धाडकन भार सुटला, पालखी डावीकडे कलली आणि तिचा पुढचा कोपरा बाबाच्या पावलावर आला. हाडांचा चुरा झाला. आणि त्या गर्दीत साबिना किंचाळली, "निकानोर प्यायलाय! निकानोरने पाडली!"

मी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तोरिबिओ नखशिखांत दारूत बुडालेला होता. वीस वर्षं त्या वासाच्या शेजारी झोपणारी बाई, तिला कळलं नसेल? पण गावाला मानकरणीची लेक जे बोलली तेच खरं. बाबा त्यानंतर चार वर्षं लंगडत जगला. माझ्या हातचा पेला त्याने कधी घेतला नाही. तो गेला तेव्हा मी शवपेटीला खांदा द्यायला पुढे झालो, तर लोकांनी मला छातीला हात लावून मागे सारलं. "राहू दे, पाडशील," म्हणाले. माझा बाप, आणि मी पेटीमागे पाहुण्यासारखा चाललो.

तोरिबिओ गेल्या वर्षी यकृत सडून गेला. मला वाटलं, आता तरी ही बोलेल. कसली बोलतेय! काळी वस्त्रं घालून चर्चमध्ये त्याच्या नावाने मेणबत्त्या लावत बसली.

मोठ्या चौकात मी बाईंना कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर फोटो काढायला सोडलं आणि साबिनाकडे वळलो.

"एकच गोष्ट. त्याच वळणावर उभी राहा आणि चार माणसांदेखत सांग, निकानोर प्यायला नव्हता, तोरिबिओ प्यायला होता. मग मी पाव घेतो."

"मेलेल्या माणसाच्या तोंडाला काळं फासू?"

"जिवंताच्या फासलंस तेव्हा हात कापला नाही तो!"

"सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुझा."

"आणि तुझा? वेणी घालून मिरवतेस."

तिने पाठीवरचं गाठोडं सावरलं. म्हातारी झाली होती, ते मला तेव्हा दिसलं. एकसष्ट वर्षं आणि पाठीवर सहा किलो पाव. पण कीव यायच्या आत मी नजर फिरवली. कीव आली की हात खिशातून निघतात.

हातुन रुमियोकला नेहमीची रांग होती, बारा कोनांच्या दगडापुढे. एल्विराबाईंनी कोन मोजले, अकराच भरले, मग माझ्याशीच हुज्जत घातली. पुढे वळण. तिथल्या सुताराच्या दुकानाच्या पायरीवर पालखीवाल्यांचा म्होरक्या फेर्मिन आणि दोघं-तिघं कोकाची पानं चघळत बसले होते. पालखीचे दांडे दुरुस्तीला दिले होते वाटतं. मला पाहून एकाने उगाच घसा खाकरला. मी मान खाली घालून चढाला लागलो.

आणि तेवढ्यात मागे साबिनाचा पाय घसरला. तिथली फरशी झिजून गुळगुळीत झालीय, रोज कोणीतरी घसरतं. ती गुडघ्यावर कोसळली, गाठोड्याची गाठ सुटली आणि पाव निसटला. सणाचा पाव जमिनीला लागू द्यायचा नसतो, हे आमच्याकडे पोर चालायच्या आधी शिकतं. माझे हात खिशातून कधी निघाले मलाच कळलं नाही. सख्खी बहीण पडली, आणि मी गाढवाने पाव झेलला.

"घेतला!" फेर्मिन ओरडला. "निकानोरने पाव घेतला!"

"घेतला खरा," दुसरा म्हणाला, "पण यंदा कोरड्या घशाने ये रे बाबा. बाटल्या आम्ही कुलपात ठेवतो."

सगळे हसले. एल्विराबाईसुद्धा, काही न कळता. मी पाव छातीशी धरून उभा. खाली ठेवता येईना, फेकता येईना.

"तो प्यायला नव्हता," साबिना म्हणाली.

ती अजून गुडघ्यावरच होती, तळहात सोललेला. कोणाला नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, आता पूर्ण आवाजात. "तोरिबिओ प्यायला होता. माझा नवरा. त्याने खांदा सोडला. मला माहीत होतं आणि मी ह्याचं नाव घेतलं."

पायरीवरचं हसू विरलं.

नऊ वर्षं मी ह्या क्षणाची वाट पाहिली होती. काय बोलायचं ते पाठ होतं. पण आला तो नुसता राग, पूर्वीपेक्षा दुप्पट. "आधी का नाही बोललीस? बाबा होता तेव्हा?"

"बाबा होता तेव्हा तोरिबिओही होता," ती म्हणाली. "तुम्ही सगळे आपापल्या घरी जायचात. मला त्याच्याच घरी जायचं असायचं."

मला तिच्या मनगटावरची जुनी गाठ दिसली. हाड मोडून वाकडं जुळलेलं. ती पायऱ्यांवरून पडली होती, असं तिनेच सांगितलं होतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. मला माझ्या नावाची पडली होती.

फेर्मिनने टोपी काढली. "पुढची डावी बाजू तुझी, निकानोर. तुझीच होती."

मी पावाचा तुकडा मोडला. तीन दिवसांचा पाव, लाकूड झालेला. चावायला वेळ लागला आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"ती नको," मी म्हणालो. "मागची दे. तोरिबिओची."

"ती कशाला? ह्याच्यापुढे ती कोणी घ्यायचा नाही."

"म्हणूनच. रिकामी राहिली तर दरवर्षी लोक तिच्याकडे बोट दाखवतील, आणि मग हिच्याकडे."

 मी पाव एल्विराबाईंच्या हातात दिला, त्यांनी बिचाऱ्यांनी तो घेतला, आणि फेर्मिन कपाळाला हात लावून म्हणाला, "आता ह्यांनाही पालखी!"

मी खाली वाकलो आणि हात पुढे केला.

"ऊठ, पानाय. लोक बघतायत."